आतला शेक

ताई, तुमची तेरवी झाली, पाहुणे गेले, मंडपवाल्यानं बांबू उपटून नेले. आता जो भेटायला येतो तो ओसरीवर बसतो, चहा घेतो आणि म्हणतो, "सुटल्या बिचाऱ्या." मी रिकामे कप उचलून आत येते. तो शब्द मला ऐकवत नाही. तुम्ही सुटायला निघाल्या नव्हत्या. बोलताना धाप लागत होती तरी तुम्ही दादांना विचारत होत्या, फवारणी झाली का, यंदा धुऱ्यानं, बांधाच्या कडेला, तूर लावली की नाही. सुटायची घाई असलेलं माणूस तुरीची चौकशी करत नाही.

आणि आपलं भांडण अर्धंच राहिलं आहे. ते मी आता कोणाशी करू?

मी यवतमाळची, कचेरीत नोकरी करणाऱ्या बापाची मुलगी. पांढरकवड्याच्या पुढं जंगलाला लागून असलेल्या या गावात लग्न होऊन आले तेव्हा मला चूलसुद्धा धड पेटवता येत नव्हती. तुम्ही मोठ्या जाऊ, दादा मोठे दीर. सासूबाई बोलायला लागल्या की तुम्ही मध्ये पडायच्या, "तिले कायले बोलता? मी शिकवतो ना." मला तुम्ही नावानं कधी हाक मारली नाही. 'यवतमाळवाली' म्हणायच्या. रागात असल्या की 'मॅडम'. माझ्या मुलीला पहिली आंघोळ तुम्ही घातली, तिचं पहिलं आजारपण तुम्ही काढलं. हे सगळं तुम्हाला सांगायची कधी गरज पडली नाही, म्हणून सांगितलं गेलं नाही.

त्या वर्षी कापूसवेचणीच्या दिवसांत वाघानं कोलामांच्या पोडावरची, त्यांच्या वस्तीवरची गाय मारली होती. जंगलखात्याची माणसं गावात येऊन सांगून गेली की बायकांनी घोळक्यानं वेचा, एकटीनं कपाशीच्या पऱ्हाटीत शिरू नका. सगळ्या मजूर बायांना तुम्हीच दम देत होत्या. आणि जेवायच्या आधी गुपचूप उठून नाल्याकडं एकट्या जात होत्या त्याही तुम्हीच. दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा मी मागं आले. तुम्ही पाण्याशी उकिडव्या बसून कापड पिळत होत्या. तुमच्या पायापासून पाणी लाल होत खाली चाललं होतं.

"ताई, वाघ आला असता म्हणजे?"

तुम्ही दचकल्या नाहीत. "त्याले काय, माहा वास केव्हाचाच गेला असन त्याच्यापर्यंत," म्हणाल्या आणि हसल्या.

मला हसता आलं नाही, कारण वास खरोखरच येत होता. साधा रक्ताचा नव्हता तो. बंद खोलीत काहीतरी सडावं तसा होता. कितीतरी दिवस तुम्ही माझ्याजवळ बसायचं टाळत होत्या, ते का, हे मला तिथं कळलं.

"केव्हापासून आहे हे?"

"पोळ्यापासून. पाळी जाऊन वर्सं झाले अन् आता वापस आली. म्हातारपणी जवान होऊन राह्यली मी." मग एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे पाह्य, यांले काही सांगशीन नको. माह्या गळ्याची शपथ."

ती शपथ मी संध्याकाळपर्यंतही पाळली नाही. पदर डोक्यावर घेऊन, दाराकडं तोंड करून, आयुष्यात पहिल्यांदा मी दादांशी असल्या गोष्टीबद्दल बोलले. ते मग म्हणाले, "उद्याच जाऊ." तुम्ही पांढरकवड्याच्या दवाखान्यात, तिथून यवतमाळला, सगळीकडं मुकाट्यानं आल्या, फक्त माझ्याशी बोलत नव्हत्या. यवतमाळला तपासणीसाठी तुकडा काढला. बाहेर येऊन बाकावर बसल्यावर पहिलं वाक्य बोलल्या, "चुगलखोर."

त्याबद्दल मला तेव्हाही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

रिपोर्ट आला. घरात त्या आजाराचं नाव कोणी घेतलं नाही, 'ते निघालं' एवढंच म्हणत राहिले. यवतमाळहून नागपूरला पाठवलं; तिथल्या डॉक्टर मॅडम वयानं माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी तुम्हाला समोर बसवून नीट सांगितलं. गाठ गर्भपिशवीच्या तोंडाशी आहे, पण आजूबाजूला सरकली आहे, म्हणून कापून काढता येत नाही. आधी बाहेरून किरणांचा शेक, सोबत आठवड्याला एक सलाईन. गाठ लहान झाली की शेवटी आतून शेक.

"आतून म्हंजे?" तुम्ही विचारलं. विचारलं त्यांना, पण पाहिलं माझ्याकडं.

त्या म्हणाल्या, "खालच्या वाटेनं नळी ठेवायची, थेट गाठीपर्यंत. तिच्यातून शेक. बाहेरून गाठीला पुरेल एवढा शेक दिला तर आतडी, लघवीची पिशवी भाजून निघेल. जवळून दिला तर गाठीला भरपूर मिळतो, बाकीच्यांना कमी. हा शेवटचा भाग सोडायचा नाही बरं का, काकू."

तुम्ही मान हलवली. ती मान कशी हलली ते मी पाहिलं होतं.

बाहेरच्या शेकाचे दिवस आपण नागपूरला धर्मशाळेत काढले. रोज मशीनखाली थोडा वेळ, मग दिवसभर पडून राहणं. जुलाब लागले, अन्नाचा वास नकोसा झाला. पण निम्मा शेक व्हायच्या आत रक्त थांबलं. मग तो वासही गेला. एका दुपारी तुम्ही माझ्या शेजारी, अगदी खेटून बसल्या आणि शेंगा सोलत बोलत राहिल्या. किती महिन्यांनी बसल्या होत्या तशा! मी आनंदानं वेडी व्हायची राहिले होते. आता वाटतं, रक्त इतक्या लवकर थांबलं नसतं तर बरं झालं असतं. लाल रंग दिसत होता तोवर तुम्हाला भीती होती.

घरी आल्या आणि तुम्ही जाहीर करून टाकलं, "मी बरी झाली."

आतल्या शेकाची तारीख आली, तुम्ही गेल्या नाहीत. तूर काढायची आहे म्हणाल्या. पुढची तारीख आली, होळी आहे म्हणाल्या. होळीला तुम्ही गल्लीभर पुरणपोळ्या वाटल्या. अंग भरलं होतं, चेहऱ्यावर तेज आलं होतं. बाया म्हणत होत्या, पाहा, कुठं दिसते का आजारी? दादाही त्याच भरात. आख्ख्या घरात एकटी मीच तोंड पाडून फिरत होते, जणू मलाच तुमचं बरं झालेलं खपत नव्हतं. मॅडमचा फोन माझ्याकडं यायचा. त्या दर वेळी एकच सांगत, "गाठ लहान झाली आहे, मेली नाही. उशीर होतोय."

होळीच्या आधी, तूर खळ्यावर पडली होती त्या दिवशी आपलं खरं भांडण झालं. मी म्हटलं, "ताई, आत आहे ते अजून. तुम्हाला दिसत नाही म्हणून नाही असं नाही."

"तुले दिसते का?"

"मॅडमला दिसतं, फोटोत."

"त्या मॅडमले काय जाते सांगाले! बाईमाणसाले उताणं पाडाचं, नयी घालाची, अन् मशीनवाले पोट्टे इकडून तिकडून जाऊन राह्यले. सलाईन लागलं तवा बाजूच्या खाटेवरची बाई नयी काढतानी कशी वरडत होती, आयकलं होतं ना तू? मी नाही जात. मरन तर झाकल्या आंगानं मरन."

"ताई, तुम्हाला झोपेचं इंजेक्शन..."

"तुह्या आत घालतीन ना, मॅडम, तवा मले शिकवजो."

मी सूप खाली ठेवलं आणि घरी आले. त्यानंतर आपण एकमेकींशी कामापुरतं बोललो. मीठ कुठं आहे, दूध आलं का, एवढंच. तुम्ही आत स्वयंपाक करताना गाणं गुणगुणायच्या आणि मला त्या गुणगुणण्याची भीती वाटायची. तुमची पावलं मोरीकडं गेली की माझा कान तिकडं जायचा. बाहेर आल्या की मी तुमच्या लुगड्याकडं पाहायची. तुम्हाला ते कळत होतं. तुम्ही मुद्दाम पाठ वळवून उभ्या राहायच्या.

आणि मग ऊन तापायला लागलं होतं, तेव्हा एका सकाळी तुम्ही पिशवी भरून माझ्या खोलीच्या दारात उभ्या. "चाल, नागपूरची गाडी भेटन आता."

का, ते तुम्ही सांगितलं नाही. परत काही दिसलं होतं का? दादा काही बोलले का? गाडीत मी एकदा विचारलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "येऊन राह्यली ना मी? मंग इचारू नको." नंतर विचारायचं ठरवून मी गप्प बसले. ते नंतर काही आलं नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. तपासून म्हणाल्या, "अजून करता येईल. पण आता एकही तारीख चुकवायची नाही." 'अजून' हा शब्द त्यांनी जरा जपून उच्चारला.

त्या दिवसाबद्दल तुम्ही कधी बोलू दिलं नाही, म्हणून आज बोलते. पाठीत इंजेक्शन देऊन तुमचं कमरेखालचं अंग बधिर केलं. नळी बसवली, ती हलू नये म्हणून कापडाच्या पट्ट्या ठासून भरल्या. तुम्हाला स्ट्रेचरवर बाहेर आणलं तेव्हा तुम्ही आपल्या पायांकडं बघत होत्या. "हे माहे नाहीत," म्हणाल्या. मग तसंच, न हलवता, फोटोच्या मोठ्या मशीनमध्ये नेलं. तिथून आणून एका खाटेवर ठेवलं आणि बजावलं, कूस बदलायची नाही, उठायचं नाही, नळी जागची सरकली तर सगळं चुकेल. तुम्ही छताकडं बघत पडून होत्या. मी ओल्या कापडानं तुमचे ओठ पुसत होते.

तेवढ्यात मॅडमनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. तुम्हाला कधी ना कधी समजावून सांगता यावं, म्हणून त्यांना मला दाखवायचं होतं. संगणकावर तुमच्या पोटाचा आडवा फोटो होता, काळा-पांढरा. त्यावर त्या वेगवेगळ्या रंगांच्या रेघा काढत होत्या. "ही लघवीची पिशवी. हे आतडं. ही आमची नळी. आणि ही बघा, ती." राखाडी रंगात एक खरबरीत डाग होता, बोराएवढा. पूर्वीची गाठ केवढी होती तो फोटो त्यांनी शेजारी लावला. त्याच्यापुढं हा डाग काहीच नव्हता. तरी तुम्ही होळीला पुरणपोळ्या वाटत होत्या, गुणगुणत होत्या, तेव्हा हा तिथंच बसलेला होता. मॅडम म्हणाल्या, "आधी आम्ही अंदाजानं द्यायचो. आता बघून देतो. कुठं किती पोचेल ते आधीच कळतं." त्या डागाभोवती त्यांनी लाल रेघ पुरी केली आणि मशीनवाल्याला हाक मारली.

ती खोली. भिंत जाड, दार त्याहून जाड. तुमच्या नळीला मशीनच्या तारा जोडल्या. एक-एक करत सगळे बाहेर आले. सिस्टर शेवटी आल्या, त्यांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. दार लागलं आणि त्याच्यावरचा लाल दिवा पेटला. बाहेर टीव्हीवर तुम्ही दिसत होत्या. एवढ्याशा. हिरव्या चादरीखाली.

सिस्टर म्हणाल्या, "बोला त्यांच्याशी, त्यांना ऐकू जातं."

मी माइकशी वाकले. "ताई, मी इथंच आहे."

तुमचा आवाज खरखरत आला. "दार काहून लावलं?"

"मशीन चालू आहे ना, म्हणून."

मग तुम्ही म्हणाल्या, "असं काय आहे वं त्याच्यात, की सारे पयाले? अन् ते माह्या आत सोडलं?"

माझ्याजवळ उत्तर होतं. मॅडमनी समजावलं होतं की तारेच्या टोकाशी धातूचा कण असतो, तो आत जातो, ठरल्या जागी थांबतो, काम करून परत मशीनमध्ये येतो. तुम्हाला तो शेक थोडाच वेळ लागतो, पण दवाखान्यातली माणसं रोज तिथं उभी राहिली तर त्यांना बाधेल. सगळं पाठ होतं. पण त्या जाड दाराच्या अलीकडं उभं राहून ते बोलायची मला लाज वाटली. मी म्हटलं, "ताई, मी मोजते आहे. झालंच." टीव्हीवर तुम्ही डोळे मिटले. डोळ्यातून पाणी कानाकडं गेलं, आणि हलायचं नाही म्हणून तुम्ही ते पुसलं नाही.

पट्ट्या काढताना तुम्ही ओरडल्या नाहीत. माझं मनगट धरलं होतं, त्यावर पुढं कितीतरी दिवस निळे वळ होते.

तसं आणखी तीनदा झालं. प्रत्येक वेळी तुम्ही माझ्याआधी पिशवी भरून तयार. दुसऱ्या खेपेपासून दार लागायच्या आत तुम्हीच सिस्टरला म्हणायच्या, "जा माय, तू जा लवकर, तुले लेकरंबाळं आहेत." शेवटच्या दिवशी मॅडमना विचारलं, "आता आत काही राह्यलं का?" त्या म्हणाल्या, "काही नाही. तो कण परत मशीनमध्ये. तुम्ही कोणाजवळही बसा, लेकरांना घ्या." तरी घरी आल्यावर महिनाभर तुम्ही माझ्या मुलीला कुशीत झोपू दिलं नाही. ती रडून हाका मारायची आणि तुम्ही पलीकडच्या खोलीतून म्हणायच्या, "येऊ नको बेटा, मोठाईच्या आंगात करंट आहे."

पावसाळ्यात फोटो काढला. तिथं काही नव्हतं. मॅडमना रेघ काढायला जागाच उरली नव्हती. तुम्ही त्यांच्या पायांना हात लावायला वाकल्या, त्यांनी वरच्या वर धरलं. परतताना गाडी थांबली तिथं तुम्ही मला भजी घेऊन दिली आणि म्हणाल्या, "यवतमाळवाली, जिंकली वं तू." माझ्या आयुष्यातला तो फार मोठा दिवस होता, ताई. पुढं जे झालं त्यानं तो खोटा ठरत नाही, असं मी स्वतःला सांगते.

त्या वेचणीला तुम्ही रोज शेतात होत्या. संक्रांतीनंतर कोरडा खोकला लागला. कापसाची धूळ असेल, सगळे म्हणाले. मीही म्हणाले. पण एका सकाळी चुलीपुढं तुम्ही खोकता-खोकता भिंतीला हात टेकला, आणि मला नाल्यातलं पाणी दिसलं.

छातीच्या फोटोत दोन्ही फुप्फुसांत पांढरे गोळे होते. मॅडमनी सगळं पुन्हा तपासलं. म्हणाल्या, "जिथं शेक दिला तिथं आजही काही नाही. हे आधीच कधीतरी निसटून गेलेलं आहे." तुम्हाला बाहेर बसवून मी आत गेले आणि विचारलं, "मधले ते दिवस वाया गेले नसते तर?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "उशिरानं धोका वाढतो, हे खरं. पण यांचं त्यामुळंच झालं असं मी म्हणू शकत नाही. कोणीच म्हणू शकणार नाही."

तुम्ही मला बाहेर येताना पाहिलं. घरी आल्यावर काही दिवसांनी, मी तुमची वेणी घालत होते, तेव्हा विचारलं, "तू तिले काय इचारलं होतं ते माहीत आहे मले. काय म्हणाली ते?"

"म्हणाल्या, सांगता येत नाही."

"मंग तूच सांग. माहं चुकलं का?"

मी म्हटलं, "नाही." लगेच म्हटलं, विचार न करता. तुम्ही मान वळवून माझ्याकडं पाहिलं. तुम्हाला ते उत्तर नको होतं बहुतेक. तुम्हाला भांडण हवं होतं. खळ्यावरची मी हवी होते. मी वेणीला रिबीन बांधली आणि उठले. रागावले असते तर तुम्हीही रागावल्या असत्या, आपण दोघी रडलो असतो, आणि मग कदाचित त्या सकाळी पिशवी घेऊन का आल्या होत्या तेही तुम्ही सांगितलं असतं. खरं काय ते अजून मला माहीत नाही, ताई. कधी वाटतं चुकलं, फार चुकलं. कधी वाटतं, त्या खाटेवर उताणं पडून राहिलेल्या बाईला असलं काही विचारायचा हक्क कोणालाच नाही. मी या दोन्हींच्या मध्ये अडकून आहे.

पोळ्याच्या आधी, भर दुपारी, घरात तुम्ही गेल्या. गोळ्यांनी दुखणं दबलं होतं, श्वास मात्र दबला नाही. दादा अजून ओसरीवर तुमच्या खाटेच्या जागेकडं तोंड करून जेवतात.

आता तुम्हाला माहीत नसलेलं सांगते. किंवा माहीत असेलच, कारण केलंय तुम्हीच. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मागच्या दारानं एक बाई आली. मग दोन दिवसांनी आणखी एक. भांडी मागायला, विरजण मागायला आल्यासारख्या येतात, उभ्या राहतात, घरात कोण आहे बघतात. मग आवाज खाली आणून सांगतात. एकीला अंगावरून पांढरं जातं, वास येतो. एकीला नवऱ्याजवळ गेलं की रक्त दिसतं. "तुम्हाला माझ्याकडं कोणी पाठवलं?" मी विचारलं. "तुमच्या जाऊबाईनं. वेचताना सांगतलं होतं त्यायनं सारं. नयी कशी घालतेत, खोलीत कसं एकटं ठेवतेत. म्हणे असं काही झालं तर लपवू नका, यवतमाळवालीकडे जा, ते बाई सोडत नाही."

तुम्ही! झाकल्या अंगानं मरेन म्हणणाऱ्या. ज्या दिवसाबद्दल तुम्ही मला एक शब्द काढू दिला नाही, तो पऱ्हाटीत बसून साऱ्या बायांना सांगितला. किती जणींना सांगून ठेवलंय, ताई? आता मागच्या दाराची कडी वाजली की मी हातातलं काम टाकून उठते. या एवढ्या गल्लीत एवढ्या जणी गप्प होत्या.

काल मी त्यांच्यातल्या कमलला यवतमाळला घेऊन गेले. कमल आपल्या शेतावर कायमची वेचायला येते, माझ्याच वयाची. फाट्यावर बसची वाट पाहताना म्हणाली, "रगत दोन दिवसांपासून बंद आहे. जाऊ द्या ना, वापस जाऊ."

"बस आली की चढायचं," मी म्हटलं.

बसमध्ये तिनं विचारलं, "तुमच्या जाऊबाई भेल्या होत्या का?"

"हाव. खूप भेल्या होत्या."

"तरी गेल्या?"

"तरी गेल्या."

यवतमाळ आलं. दवाखान्यात तिला आत नेलं. मी बाकावर बसले. आधी आत गेलेल्या बाया लवकर बाहेर येत होत्या, चपला घालून जात होत्या. कमल येईना. सिस्टर बाहेर येऊन मोठ्या डॉक्टरांना बोलावून घेऊन गेल्या, आणि पडदा पुन्हा ओढला गेला. बऱ्याच वेळानं त्याच सिस्टर दारात आल्या, हातात कमलचा कागद, आणि बाकावरच्या सगळ्यांवरून नजर फिरवत त्यांनी विचारलं, "हिच्यासोबत कोण आहे?"

मी उठले, ताई. म्हटलं, "मी आहे."